बोटभर फट

“मग फटी बुजवू की नको, अप्पा? एकदाच काय ते सांगा.”

मन्मथच्या एका हातात घमेलं होतं, दुसऱ्या हातात थापी. घमेल्यात कालवलेलं सिमेंट. ऊन असं होतं की ते बघता बघता घट्ट होत होतं.

अप्पा ओसरीत चिंच फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. चिंचोका काढला, डावीकडे टाकला. गर उजवीकडे.

“अप्पा...”

“मला गवंडीकाम येत नाही.”

“नसू दे. तुम्ही नुसतं हो म्हणा. तुम्ही हो म्हणालात की माझा हात चालेल.”

“आणि उद्या कुणी पडलं, तर ते माझ्यामुळं पडेल.”

मन्मथनं थापीनं घट्ट होणारं सिमेंट हलवलं. त्याच्या मनात तेच होतं.

अप्पांचा मठ काळ्या रानाच्या मधोमध आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात तिला अशा भेगा पडतात की आत टाकलेली काठी परत दिसत नाही. आवाराच्या एका टोकाला खोल्या आहेत. ज्यांना कुणी नाही अशी म्हातारी माणसं तिथं राहतात. दुसऱ्या टोकाला अप्पांची ओसरी, आणि तिला लागून दासोहाची, म्हणजे अन्नदानाची, पडवी. तिथं सगळ्यांची पंगत बसते. मधल्या मोकळ्या जागेत पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात भेगा.

मन्मथ गवंड्याचा मुलगा, आणि स्वतःही चांगला गवंडी. मठात आला तो शिष्य व्हायला. अप्पांनी त्याच्या हातात पोथी दिली नाही. खोल्यांपासून पडवीपर्यंत वाट बांध, म्हणाले.

मागच्या वर्षी त्यानं ती बांधली. काळ्या मातीवरच वाळू अंथरली, शहाबादी फरशीला फरशी भिडवली, सांधे सिमेंटनं भरले. कुठं नख शिरणार नाही अशी वाट. ज्याला त्याला बोलावून दाखवली. पिढ्या जातील, म्हणाला, हिला काही होणार नाही.

मग वैशाख आला. खालची माती वाळून खचली. वरच्या फरशा उन्हानं फुगल्या आणि त्यांना सरकायला जागा नव्हती. एका दुपारी तोफ उडावी तसा आवाज झाला. मधल्या दोन फरशा उसळल्या आणि एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या. हात जोडल्यासारख्या.

नीलव्वा तेव्हा वाटेवर होती.

नीलव्वाला दिसत नाही. अर्धा जन्म मठात गेला तिचा, आवारातली जागा न् जागा पायाला पाठ. त्या आवाजासरशी ती पडली. हाड मोडलं नाही. पण त्या दिवसापासून तिनं खोलीचा उंबरा ओलांडला नाही. तिचं ताट खोलीत जाऊ लागलं.

यंदा मन्मथनं सगळं उकरलं. मुरूम लागेपर्यंत काळी माती काढली. मुरमाचे थर दिले, पाणी मारलं, धुम्मसानं ठोकून घट्ट केले. वर वाळू, वाळूवर फरशा. दोन फरशांच्या मध्ये बोटभर फट, आणि फटीत नुसती वाळू. हेच बरोबर आहे, हे त्याला कळत होतं.

तरी वाट पुरी झाली त्याच दिवशी त्यानं दोन्ही टोकांना बाभळीचे काटे लावले.

“अजून बसायची आहे,” तो म्हणायचा.

तो स्वतः रोज तिच्यावरून चालायचा. पाठीवर ज्वारीचं पोतं घेऊन चालायचा. दुसऱ्या कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही. म्हातारी माणसं बांधलेल्या वाटेच्या कडेनं, भेगांमधून काठी वाचवत पंगतीला यायची. जाता जाता टोमणा मारायची.

“काय गवंडी, पिढ्या गेल्या का?”

तो हसायचा नाही. डोळा लागला की त्याला तो आवाज ऐकू यायचा. जागा असला की उघड्या फटी दिसायच्या. इथून पाणी शिरेल. इथून विंचू निघेल. इथं कुणाची काठी अडकेल. हातांना जे ठाऊक होतं ते खोटं वाटायचं आणि भीती सांगेल ते खरं. म्हणून आज त्यानं सिमेंट कालवलं होतं.

अप्पांनी पुढची चिंच उचलली.

“सकाळी नीलव्वाचा निरोप आला.”

“काय म्हणाली?”

“ताट पाठवू नका म्हणाली.”

“का?”

“भिंतीकडं तोंड करून घास गिळवत नाही. आता पुरे, म्हणाली.”

मन्मथनं घमेलं खाली ठेवलं.

ताट जसं जातं तसंच परत येतं, हे मठात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं.

“मी पाठीवर घेऊन येतो तिला.”

“विचारलं. लोकांच्या खांद्यावर एकदाच जायचंय, म्हणाली. त्याला अवकाश असला तर असू दे, नसला तर नसू दे.”

“मग?”

“पंगतीचा नियम काय आहे आपल्या?”

“शेवटचा माणूस बसल्याशिवाय पहिला घास नाही.”

“ताट खोलीत जात होतं, तोवर ती पंगतीत आहे असं मी धरत होतो. आज ताट नाही.”

पडवीत माणसं येऊन बसू लागली होती. पानं मांडली होती. आमटीचा वास येत होता. कुणाचा हात पानाकडं जात नव्हता.

“जा,” अप्पा म्हणाले. “तिला चालवत घेऊन ये.”

“वाटेवरून?”

“नाहीतर कुठून? भेगांवरून?”

मन्मथनं डोक्यावरच्या उन्हाकडं पाहिलं. “आत्ता? अप्पा, हीच वेळ होती. असंच ऊन होतं. ऊन उतरू द्या. संध्याकाळी आणतो.”

“पंगत दुपारची आहे.”

“उद्या आणतो. आज फटी भरून घेतो, घट्ट करतो सगळं...”

“मागच्या वर्षी घट्टच होतं ना?”

मन्मथनं वाटेकडं पाहिलं.

“यंदाची कच्ची आहे का?”

“नाही. पोतं घेऊन चाललोय मी. काही होत नाही. मला माहीत आहे काही होत नाही.”

“मग काटे कुणासाठी?”



मन्मथ वळला. दोन्ही टोकांचे काटे ओढून बाजूला टाकले. परत आला तेव्हा तळहातातून रक्त येत होतं. अप्पा ओसरीतून उतरून वाटेच्या तोंडाशी उभे होते. फोडलेल्या चिंचेचे चिंचोके तसेच त्यांच्या मुठीत राहिले होते.

“उपरणं दे.”

त्यानं खांद्यावरचं उपरणं दिलं. अप्पांनी मूठ न उघडता, दोन बोटांत धरून, ते त्याच्या डोळ्यांवरून घेतलं आणि मागं गाठ मारली.

“हे कशाला, अप्पा?”

“तू डोळ्यांनी चालतोस. ती नाही.”

आधी नुसता लाल अंधार दिसला. मग तोही काळा झाला.

मन्मथनं पाऊल पुढं सरकवलं. स्वतःच्या हातानं बसवलेली फरशी, आणि पाऊल टेकवायला धीर होईना. खाली काय आहे ते त्याला ठाऊक होतं. मुरूम आहे. मुरमाच्या दोन्ही बाजूंना काय आहे तेही ठाऊक होतं. ती माती तोंड वासून पडली होती.

झिजलेल्या चपलेखाली काहीतरी लागलं. फट होती.

एक फरशी झाली.

पुन्हा पाऊल सरकवलं. पुन्हा फट लागली. तो फटीला पाय लावत लावत चालू लागला. मध्येच अंगावर सावली आली, म्हणजे निंब आला. सावली गेली. पायाला शेवटची फट लागली आणि पुढं हाताला दार लागलं.

“कोण हाय?”

“मी. मन्मथ.”

“गवंडी व्हय? ये. पिढ्या गेल्या का रं?”

“अव्वा, जेवायला चल.”

“न्हाई.”

“सगळी पानावर बसून आहेत. कुणी घास उचलला नाही.”

“जेवा म्हणावं. माझ्यावाचून काय अडलंय?”

“नियम आहे.”

“नियमाला सांग, म्हातारी मेली.”

मन्मथ दारातच उभा राहिला. समजावायचं म्हणून जे जे ठरवलं होतं ते सगळं विसरला.

“अव्वा, मला भीती वाटते.”

“तुला कशाची?”

“वाटेची.”

“तूच बांधलीस की.”

“म्हणूनच.”

आत बाजल्याची दोरी करकरली. पावलं घासत जवळ आली. म्हातारीचा वाळका हात त्याच्या छातीला लागला, वर सरकला, हनुवटीला लागला, गालाला लागला, आणि कापडावर थांबला.

“अगं बाई. डोळे कुणी बांधले?”

“अप्पांनी.”

“आणि तू मला न्यायला आलास?”

“हो.”

नीलव्वा हसली. हसता हसता तिला खोकला आला. “दोघंबी खुळी. गुरूबी आणि चेलाबी.”

मग म्हणाली, “काठी दे. दाराच्या मागं... राहू दे. तू आंधळा नवा हाईस, तुला घावायची न्हाई. मीच घेते.”

तिनं काठी घेतली. दुसऱ्या हातानं मन्मथचं मनगट धरलं. तिचा हात थंड होता. उंबऱ्यावरून पाय बाहेर काढला आणि तसाच परत आत घेतला.

“होत न्हाई रं.”

“मलाही होत नव्हतं.”

“कानात अजून वाजतंय ते.”

“माझ्याही.”

म्हातारीनं श्वास घेतला. पाय बाहेर काढला. या वेळी दुसराही त्याच्यामागं आला.

दोघं वाटेवर उभी होती. ऊन डोक्यावर धरल्यासारखं होतं. कुठं पाखरू बोलत नव्हतं. पडवीतली माणसंही बोलत नसावीत, कारण मन्मथला नुसती नीलव्वाच्या काठीची टकटक ऐकू येत होती. टक. टक. मग आवाज थांबला.

“ही रेघ कसली?”

“फट आहे, अव्वा. मध्ये वाळू आहे. जपून.”

तिनं काठीचं टोक फटीवरून फिरवलं. मग चपलेचं टोक फिरवलं. पुढं गेली. पुन्हा थांबली.

“हितंबी हाय.”

“प्रत्येक फरशीला आहे.”

“मागली वाट घोटलेल्या पाटीवाणी हुती. कुठवर आले ते पायाला कळतच न्हवतं. नुसतं आपलं चालायचं, देवावर हवाला ठेवून.” ती आणखी एक फरशी पुढं गेली. “हे घावतंय.”

मन्मथला फक्त पलीकडं पोहोचायचं होतं.

अंगावर सावली आली. सावली सरली. आणि त्याच्या पायाखाली फरशी हलली.

थोडीशीच. पण हलली.

कुठली ते त्याला लगेच कळलं. निंबाची मुळी तिथून गेली होती. ती तोडायला त्याचा जीव झाला नव्हता, म्हणून तिथं मुरमाचा थर पातळ पडला होता. इतके दिवस पोतं घेऊन तो तिच्यावरून झपझप गेला होता, आणि मघाशी येताना सगळं लक्ष फटींकडं होतं. ती हलते हे आज पहिल्यांदा कळलं.

“अव्वा, थांब. पाय ठेवू नको.”

“का?”

“ही हलते.”

“बघू.”

“नको, अव्वा! माझं ऐक...”

तोवर म्हातारी फरशीवर चढली होती. तिनं एका पायावर भार दिला. मग दुसऱ्यावर. फरशी हळूच डुलली, परत आली.

“अव्वा, उतर. तुझ्या पाया पडतो, उतर.”

“थांब की. ही डुलती, पण सांगून डुलती. मागलीनं काय सांगितलं न्हवतं.”

आणि तेवढ्यात ताडकन आवाज झाला.

पडवीत कुणीतरी किंचाळलं. मन्मथनं दोन्ही हातांनी म्हातारीला कवटाळलं आणि डोळे मिटले. कापडाच्या आत मिटले. आता जमीन उसळेल. आता फरशी उभी राहील. ह्या हातातलं हे मूठभर हाडांचं ओझं आता...

काही झालं नाही.

म्हातारीचं काळीज त्याच्या हाताला लागत होतं. पाखरासारखं फडफडत होतं. त्याचंही तसंच फडफडत होतं.

“सोड,” ती म्हणाली. “पत्रा हाय त्यो.”

“कशावरून?”

“पडवीचा पत्रा. उन्हानं तापला की वाजतो. पत्रा वरनं बोलतो, फरशी खालनं.”

“नक्की?”

“मला दिसत न्हाई, गवंडी. ऐकू येतं.”

त्यानं हात सैल केले. पुढचं पाऊल कुणी टाकलं, त्यानं की तिनं, हे नंतर दोघांनाही सांगता आलं नसतं. फट लागली. एक फरशी झाली. फट लागली.

मग हाताला पडवीचा खांब लागला.

“अव्वा आली,” कुणीतरी हळूच म्हणालं.

नीलव्वानं मन्मथचं मनगट सोडलं. काठीनं चाचपत ती ओळीनं पुढं गेली. तिची जागा मोकळी होती. पान मांडलेलं होतं. तिनं पानावरून हात फिरवला, पाणी शिंपडलं आणि मांडी घातली.

“वाढा की,” ती म्हणाली. “काय बघत बसलाय माझ्याकडं? कधी बाई बघितली न्हाई काय?”

पंगत हसली. वाढपी उठले.

अप्पांनी मन्मथच्या डोळ्यांवरचं उपरणं सोडलं. उजेड डोळ्यांत सुईसारखा घुसला. आधी त्याला काहीच दिसलं नाही. मग वाट दिसली, जशीच्या तशी. मग ओसरीपाशी ठेवलेलं घमेलं दिसलं. सिमेंटचा दगड झाला होता आणि थापी त्यात रुतून बसली होती.

“निंबाजवळची एक हलते, अप्पा.”

“हं.”

“ऊन उतरलं की उचलतो. मुरूम घालून परत बसवतो.”

“हं.”

“पण पावसात माती फुगली की दुसरी कुठलीतरी हलेल. पुढच्या वैशाखात आणखी एखादी.”

“हं.”

“मला वाटलं होतं, एकदा अव्वा चालली की भीती जाईल,” मन्मथ म्हणाला. “नाही गेली, अप्पा. तिथंच आहे. अजून पाय कापताहेत.”

अप्पांनी उजवी मूठ उघडली. ती केव्हापासून मिटलेली होती. आतले चिंचोके घामानं तळहाताला चिकटले होते. एकेक करून ते सुटले आणि खाली पडले. जिथं जिथं चिंचोका होता तिथं तिथं हाताला लाल खोल ठसा उमटला होता.

मन्मथ त्या हाताकडं बघत राहिला.

“तुम्हालाही...?”

पंगतीत पहिला घास उचलला गेला. नीलव्वा तिखट मागत होती.

अप्पांनी हात धोतराला पुसला.

“भीतीला हाकलू नकोस,” ते म्हणाले. “रोज सकाळी त्या वाटेवरून तिला चालवून आण. ती जिथं थांबेल, तिथली फरशी उचल.”